डीएनए दुरुस्तीच्या एन्झाईमच्या गोळ्या: आबांनी तीन डबे आणलेत, यात खरं किती?

सावद्याची_सून | शनिवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आमचे सासरे, आबा, वय ६८. केळीची शेती, अजूनही पहाटे पाचला मळ्यात हजर. मागच्या आठवड्यात भुसावळला एका मंगल कार्यालयात आरोग्याचा काहीतरी कार्यक्रम होता, चहा-नाश्ता फुकट. येताना आबा तीन डबे घेऊन आले. डब्यावर डीएनएचं निळं चित्र आणि खाली 'डीएनए रिपेअर एन्झाईम'. स्टेजवरच्या माणसाने सांगितलं म्हणे, की उन्हाने, फवारणीने, तंबाखूने पेशीतला डीएनए तुटतो. तरुणपणी शरीर तो दुरुस्त करतं, साठीनंतर दुरुस्तीची एन्झाईम संपतात, मग ती बाहेरून द्यावी लागतात. एका डब्याचे साडेतीन हजार! ह्यांनी जरा विचारलं तर आबा म्हणे, "खताच्या गोणीला कमी मोजतो का तू?"

मी बीएस्सी आहे, पण वनस्पतिशास्त्रात, आणि त्यालाही आता जमाना झाला. अशी एन्झाईम असतात एवढं नक्की आठवतं, नोबेलही मिळालंय त्यावर. म्हणजे सगळंच थापा नाही. प्रश्न एवढाच की ती गोळीतून देता येतात का? कंपनीचं नाव टाकत नाही, विकणारा आमच्याच नात्यातला आहे.

भुसावळ_जंक्शन | शनिवार, रात्री १०.२२

आमच्या गावात फुकट नाश्ता आणि आम्हालाच पत्ता नाही? आधी ते सांगा, पोहे होते की फुनके?

केळीकंद | शनिवार, रात्री १०.४०

रावेरलाही येऊन गेले ते. मी उभा राहून एकच विचारलं, का भो, उन्हाने माणसाचा डीएनए तुटतो तर आमची केळी बारा महिने उघड्यावर उभी, तिचा का नाही तुटत? तर म्हणे, केळीत एन्झाईम जास्त असतात, म्हणून केळी खा आणि आमच्या गोळ्याही खा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गप बसलो.

प्रा_पांझरा | शनिवार, रात्री ११.३०

केळीकंद, तुमचा प्रश्न त्या विक्रेत्याच्या कुवतीपेक्षा मोठा होता.

केळीचाही डीएनए उन्हाने बिघडतो. उन्हातले अतिनील किरण डीएनएवर पडले की शेजारशेजारची दोन थायमिन (डीएनए ज्या चार अक्षरांत लिहिलेला असतो त्यातलं एक) एकमेकांना चिकटतात आणि त्या जागी डीएनएची नक्कल अडते. वनस्पतींकडे त्यावर फोटोलायेज नावाचं एन्झाईम आहे. ते निळा प्रकाश शोषतं आणि त्या ऊर्जेवर चिकटलेली जोडी सोडवतं. बिघाड उन्हाने, दुरुस्तीही उन्हाच्याच जोरावर. जिवाणू, मासे, बेडूक, अगदी कांगारूकडेही हे आहे. माणसाकडे नाही! उत्क्रांतीच्या वाटेवर वार (पोटातल्या गर्भाला पोसणारा अवयव) असलेल्या सस्तन प्राण्यांतून ते गळालं. त्याच कुळातली क्रिप्टोक्रोम नावाची प्रथिनं आपल्याकडे राहिली, पण ती दुरुस्ती करत नाहीत. शरीराचं दिवस-रात्रीचं वेळापत्रक सांभाळायच्या कामात असतात.

मग आपण काय करतो? बिघडलेला तुकडाच कापून टाकतो. एक्सपीसी हे प्रथिन बिघाडाने डीएनएला आलेला बाक ओळखतं. मग दुसरी प्रथिनं ती जागा उलगडतात, एक्सपीएफ आणि एक्सपीजी बिघाडाच्या दोन्ही अंगांना काप घेतात आणि साधारण ३० अक्षरांचा तुकडा निघून जातो. डीएनएला दोन धागे असतात, समोरचा शाबूत असतो, तो बघून पॉलिमरेज रिकामी जागा भरतं आणि लायगेज शेवटचा सांधा जोडतं.

सूनबाई म्हणतात ते नोबेल २०१५ चं, रसायनशास्त्राचं. तिघांना विभागून: टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार. ही कापाकापी संजारांनी उलगडली. तुर्कस्तानातल्या सावूर नावाच्या छोट्या गावातला माणूस, आठ भावंडांत सातवा, आई-वडील निरक्षर. डॉक्टर होऊन आधी गावाकडेच दवाखाना केला, मग अमेरिकेत जाऊन फोटोलायेजवरच पीएचडी. आमच्या कॉलेजात साक्री-शिरपूरकडून एसटीने येणारी पोरं असतात. संजारांचं हे सांगितलं की मागचा बाकही मान वर करतो, म्हणून दरवर्षी सांगतो.

गोळीबद्दल उद्या लिहितो, झोप आली.

केळीकंद | रविवार, सकाळी ६.०५

सर, समजलं. खारीने ठिबकची नळी कुरतडली की आपण दोन्हीकडून कापतो, मधला तुकडा फेकतो आणि जॉइनर लावून नवा बसवतो. तेच ना?

प्रा_पांझरा | रविवार, सकाळी ७.१०

तेच. फक्त इथे जॉइनर दिसत नाही, नवा तुकडा नळीचाच होऊन जातो. पुढच्या वर्षी वर्गात हे तुमच्या नावावर खपवणार.

धुयेकर | रविवार, सकाळी ८.२०

सर, बठ्ठं वाचं, मस्त लिखेल शे. पन मना प्रश्न ऱ्हायनाच. गोयी खावानी का नही?

औषधालय_अमळनेर | रविवार, सकाळी ९.००

माझं मेडिकल आहे, मी सांगतो. एन्झाईम म्हणजे प्रथिन. तोंडाने घेतलेलं प्रथिन पोटात गेलं की पेप्सिन त्याचे तुकडे करतं, पुढे आतड्यात ट्रिप्सिन उरलंसुरलं काम उरकतं. शेवटी हातात अमिनो आम्लं. मठाच्या उसळीतूनही तीच मिळतात. इन्सुलिनची सुई का टोचावी लागते? तेही प्रथिनच आहे, साध्या गोळीतून दिलं तर पोट पचवून टाकतं. आणि समजा एखादा रेणू वाचलाच, तरी त्याला रक्तातून पेशीत, पेशीतून केंद्रकात, म्हणजे डीएनए असतो तिथे, शिरायचंय. तिथवर त्याला कोण नेणार?

ताई, डब्याच्या मागचा मजकूर टाका ना इथे. पुढचं चित्र सगळेच बघतात.

निरोगी_खान्देश | रविवार, सकाळी ११.४५

नुसती टीका करणं सोपं असतं. मी स्वतः हे उत्पादन सहा महिने घेतोय आणि गुडघेदुखी गेली. मेडिकलवाल्यांचा धंदा बसतो म्हणून विरोध. एन्झाईम बाहेरून देता येत नाहीत म्हणे, मग परदेशात डीएनए रिपेअर एन्झाईमच्या क्रीम कशा विकल्या जातात? अभ्यास करा मग बोला.

भुसावळ_जंक्शन | रविवार, सकाळी ११.५०

गुडघ्याचा डीएनए वेगळा असतो का सर? गाडी कोणत्या फलाटावर चाललीय तेच कळेना.

चोपडा_ते_पुणे | रविवार, दुपारी १.३०

मी पुण्यात जनुकीय चाचण्यांच्या लॅबमध्ये आहे. क्रीमचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर.

झेरोडर्मा पिगमेंटोझम नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. वर सरांनी जी एक्सपी-एक्सपी नावं घेतली ती या आजारावरूनच पडली. या मुलांमध्ये कापून काढण्याच्या साखळीतलं एखादं प्रथिन जन्मतःच निकामी असतं. जरा ऊन लागलं की कातडी पोळते, चेहऱ्यावर लहानपणीच डाग, आणि विशीच्या आत त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो. यांच्या पेशी उन्हाचा बिघाड दुरुस्त करू शकत नाहीत हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवलं. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच आजार होतो, त्यामुळे नात्यात लग्नं होतात तिथे शक्यता वाढते.

तर अशा रुग्णांवर एका लोशनचा प्रयोग झाला होता, २००१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जिवाणूंच्या विषाणूकडून घेतलेलं दुरुस्तीचं एन्झाईम चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून कातडीवर लावलं. वर्षभरात कॅन्सरपूर्व चट्टे लक्षणीय कमी उठले. म्हणजे एन्झाईम बाहेरून देणं अशक्य आहे असं मी म्हणणार नाही. पण ते कातडीला लावायचं होतं, गिळायचं नव्हतं, आणि ज्यांच्यात मुळात ते काम होत नाही अशांना दिलं होतं. आबांच्या पेशीत ही प्रथिनं आहेत. 'साठीनंतर संपतात' हे वाक्य साफ खोटं. वयाने या कामात ढिलाई येते, साठा संपत नाही. पेशी लागतील तशी एन्झाईम रोज तयार करत असते.

निरोगी_खान्देश | रविवार, दुपारी २.०५

म्हणजे मान्य केलंत ना की ढिलाई येते. मग मदत दिली तर बिघडलं कुठे?

चोपडा_ते_पुणे | रविवार, दुपारी २.४०

जास्त दुरुस्ती म्हणजे नेहमी चांगलंच, असं नसतं. कॅन्सरच्या पेशीही याच एन्झाईमवर जगतात. बीआरसीए जनुकात दोष असला की पेशीला डीएनएचे दोन्ही धागे तुटलेले नीट जोडता येत नाहीत. अशा गाठीत पार्प नावाचं दुसरं दुरुस्ती-एन्झाईम औषधाने अडवलं की ती पेशी कोलमडते. ओलापॅरिब हे तसं औषध, २०१४ पासून वापरात आहे. तिथे डॉक्टर मुद्दाम दुरुस्ती बंद पाडतात.

तापीकाठची_कविता | रविवार, दुपारी ४.१५

अवांतर: परवा आमच्याकडे ४५ च्या वर गेलं होतं. एवढ्या गरमीने डीएनएचं काय होत असेल? मी तर दुपारी चपात्या करतानाच वितळते. आणि कोणी भुसावळ जळगावपेक्षा तापतं म्हणू नका, आमचं जळगाव ते जळगाव.

भुसावळ_जंक्शन | रविवार, दुपारी ४.१८

निषेध! आमच्याकडे यार्डात रुळावर अंडं फोडून दाखवतो, या.

धुयेकर | रविवार, दुपारी ४.३०

जयगाव काय नि भुसावय काय, धुयाले या मे महिनाम्हा.

प्रा_पांझरा | रविवार, सायंकाळी ५.५०

भांडू नका, तिन्ही गावं सारखीच भाजतात. पण कविताताईंचा प्रश्न चांगला आहे. उकाडा वेगळा आणि अतिनील किरण वेगळे. ४५ अंशात सावलीत बसलात तर उष्माघात होऊ शकतो, पण थायमिन त्याने चिकटत नाहीत. उलट सूर्य डोक्यावर आणि हवेत गारवा असला, तरी अतिनील किरण कातडीवर येतच असतात, आणि गरम लागत नाही म्हणून माणूस बेफिकीर राहतो. आपल्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दुपार अशी येते की उभ्या काठीला सावली नसते, सूर्य बरोबर डोक्यावर. त्या सुमाराला किरणं सगळ्यात कमी हवा कापून येतात. कातडीतलं मेलॅनिन काही भाग अडवतं, सगळा नाही. आपल्या म्हाताऱ्यांचं धोतर, पैरण आणि डोक्याला जाड रुमाल हे या बाबतीत फार हुशारीचं होतं. आता पोरं बनियनवर फवारणी करतात.

आणि ऊन नसलं तरी डीएनए आपोआप बिघडतोच. तो शरीरातल्या पाण्यात भिजलेला असतो, आणि नुसत्या त्या पाण्याने प्रत्येक पेशीत रोज हजारो अक्षरं गळून पडतात. सायटोसिन या अक्षराचं काही ठिकाणी युरासिल होतं, जे डीएनएत असायलाच नको. डीएनए इतका नाजूक असेल तर सजीव टिकलेच कसे, या प्रश्नामागे लिंडाल लागले आणि १९७४ मध्ये त्यांना युरासिल उचलून काढणारं एन्झाईम सापडलं. हे सगळं तुम्ही हा धागा वाचताना चालूच आहे, आणि कोणी डबा विकायला आलेलं नाही.

सावद्याची_सून | रविवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. डब्याच्या मागचं बारीक अक्षर मोबाईलचा टॉर्च लावून वाचलं: एन्झाईम मिश्रण (पपेन, ब्रोमेलेन, अमायलेज, लायपेज), झिंक, नियासिनामाइड १६ मिग्रॅ, हळद अर्क, आवळा अर्क. आणि सगळ्यात खाली, औषधी वापरासाठी नाही.

औषधालय_अमळनेर | रविवार, रात्री ९.४१

संपला विषय! यातलं एकही एन्झाईम डीएनएला हात लावत नाही. पपेन पपईच्या चिकातलं, ब्रोमेलेन अननसातलं, दोन्ही प्रथिनं तोडतात. अमायलेज पिष्टमय पदार्थ, लायपेज चरबी. साधी पाचक गोळी आहे ही, माझ्या काउंटरवर पन्नास-साठ रुपयांत पत्ता मिळतो.

नियासिनामाइडवर (ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) मात्र कोणी बोट ठेवेल म्हणून आधीच सांगतो. ऑस्ट्रेलियातला २०१५ चा अभ्यास आहे. आधी त्वचेचा कॅन्सर होऊन गेलेल्या ३८६ लोकांचा. निम्म्यांना ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा दिलं, वर्षभरात त्यांच्यात नवे कॅन्सर २३ टक्क्यांनी कमी. उन्हाचा बिघाड दुरुस्त करायला पेशीला ऊर्जा लागते, ती टिकवायला याने मदत होते असं मानतात. गोळ्या बंद केल्यावर फायदाही संपला. तिथे दिवसाला १००० मिग्रॅ, इथे १६.

शहाद्याची_पपई | रविवार, रात्री ९.५५

थांबा थांबा. आम्ही पपई भाव नाही म्हणून बांधावर फेकतो आणि हे तिचाच चीक साडेतीन हजारांना विकतात? आमच्याकडे मटण निबर असलं की कच्च्या पपईची फोड टाकतात त्यात. आबांना तेच डीएनए दुरुस्तीचं म्हणून द्या, वर रस्सा मिळेल.

निरोगी_खान्देश | रविवार, रात्री १०.१०

प्रत्येकाचा अनुभव वेगळा असतो. मी या धाग्यावरून रजा घेतो.

सावद्याची_सून | रविवार, रात्री १०.२५

पपई, हे वाचून ह्यांना दाखवलं, अजून हसतायत.

एक गोष्ट राहिली. आबांना तंबाखू-चुन्याची सवय आहे, चाळीस वर्षांची. गालाला आतून एक पांढरा चट्टा आहे, वर्षभर तरी असेल. त्या स्टेजवरच्या माणसाने आबांना खास बाजूला घेऊन सांगितलं की तीन महिन्यांत तो चट्टा या गोळ्यांनी जाईल. खरं तर आबांनी डबे त्यासाठीच घेतलेत. दुखत नाही म्हणतात.

दंतकथा | रविवार, रात्री १०.३१

ताई, हे धाग्याच्या पहिल्या ओळीत हवं होतं. मी दातांची डॉक्टर आहे, पारोळ्याला. गोळ्यांचं राहू द्या, चट्टा दाखवा.

जिथे पुडी धरतात तिथेच आहे का? बोटाने पुसून किंवा खरवडून निघतो का? हाताला खरखरीत लागतो का? मध्ये लाल ठिपके आहेत का? न निघणारा पांढरा चट्टा कॅन्सरच असतो असं नाही, बहुतेकदा नसतो. पण काहींत पेशी बदलायला सुरुवात झालेली असते, आणि लाल-पांढरा मिसळलेला असेल तर जास्त. नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही, छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. न दुखणं ही अजिबात खात्री नाही, सुरुवातीला दुखतच नाही.

तंबाखूचं आणि या धाग्याचं नातं इथे आहे. तंबाखूत नायट्रोसामाइन असतात. त्यातली काही शरीरात गेल्यावर डीएनएच्या ग्वानिन या अक्षराला मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटवतात. तो काढायला एमजीएमटी नावाचं प्रथिन असतं. ते हा गट स्वतःवर ओढून घेतं आणि त्यानंतर ते कायमचं निकामी. एक रेणू, एक दुरुस्ती, संपलं. पेशीला लगेच दुसरा बनवावा लागतो. गालाच्या त्याच जागेवर दिवसभर पुडी ठेवली तर तिथल्या पेशींनी किती बनवायचे? आबा सुपारीही खात असतील तर तीही कॅन्सर करते, शिवाय तिने तोंड उघडणं कमी होत जातं.

सोमवारीच घेऊन जा. जवळच्या दंत महाविद्यालयात किंवा सरकारी दवाखान्यात.

केळीकंद | सोमवार, सकाळी ६.१५

ताईंना दुजोरा. आमच्या चुलत्यांनी असंच 'दुखत नाही' म्हणत काढलं. पुढचं लिहीत नाही. आबांना मळ्यातून उचलून न्या, पाणी एक दिवस उशिरा दिलं तर बाग मरत नाही.

सावद्याची_सून | सोमवार, रात्री ८.५०

आज गेलो होतो. आबा तयार नव्हते, "तुकडा काढला की पसरतं" हेच एक धरून बसले. शेवटी तिथल्या डॉक्टर मुलीने, ती योगायोगाने फैजपूरची निघाली, आमच्याच लेवा बोलीत दरडावलं, मग बसले खुर्चीत. तुकडा घेतलाय, रिपोर्टला आठवडा लागेल. आता रात्री परत विचारतायत, पसरणार नाही ना?

दंतकथा | सोमवार, रात्री ९.०५

नाही पसरत. तुकडा काढल्याने कॅन्सर होत नाही आणि वाढतही नाही. लोक उशिरा तपासतात, तोवर आजार पुढे गेलेला असतो, म्हणून खापर तुकड्यावर फुटतं. जखमेवर चार दिवस तिखट आणि तंबाखू दोन्ही नको.

औषधालय_अमळनेर | सोमवार, रात्री ९.२०

आबांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर तो डबा आत्ताच बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. पपेन-ब्रोमेलेनने रक्तस्राव वाढू शकतो.

सावद्याची_सून | पुढचा मंगळवार, संध्याकाळी ६.४०

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, पण पेशींत सौम्य बदल सुरू झालेत असं लिहिलंय. तंबाखू पूर्ण बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला या, असं सांगितलंय. रक्ताच्या गोळ्या चालू नव्हत्या. दोन न उघडलेले डबे नातेवाइकाने परत घेतले, पैसे 'पुढच्या महिन्यात'. उघडलेला डबा आबा संपवणारच म्हणतात, पचनाला बरा आहे म्हणे.

भुसावळ_जंक्शन | मंगळवार, संध्याकाळी ६.४४

पुढचा महिना कोणत्या सालातला ते लिहून घेतलं का?

धुयेकर | मंगळवार, रात्री ८.००

ताई, आबास्नं चांगलं व्हयनं. मना बाप बी तमाखू खास, त्याले हाई कसं समजाडू? डीएनए सांगू ते मालेच मारी.

दंतकथा | मंगळवार, रात्री ८.२५

भाऊ, डीएनए सांगूच नका. आरशासमोर उभं करा, तोंड उघडायला लावा, टॉर्च मारा आणि स्वतः बघा. सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट. पहिला आठवडा चिडचिड होईल, तेव्हा घरात कोणी टोचून बोलू नका, हाताशी बडीशेप किंवा फुटाणे ठेवा. चट्टा दिसला तर पारोळ्याला या, धुळ्याहून तासाभराचा रस्ता आहे. सकाळी दहा ते एक.